रोज सकाळी साडेआठला शून्य

कामशेतहून मुंबईकडे निघालं, घाट उतरला आणि खालापूरचा टोलनाका मागे पडला की उजव्या हाताला एक सुळका बराच वेळ सोबत करतो. त्याच्या माथ्याजवळ आरपार भोक आहे, आपण त्याला नेढं म्हणतो. तो इरशाळगड. नावात गड असला तरी तटबंदी नाही, दरवाजा नाही. पाण्याची टाकी आहेत आणि चारी बाजूंना नजर टाकायला जागा आहे. प्रबळगड आणि माथेरानच्या शेजारची ही टेहळणीची चौकी. मुंबई-पुण्याच्या ट्रेकर मंडळींची ही पाठ असलेली वाट होती. चौकला उतरायचं, नानिवली गाठायची, मोरबे धरणाचं पाणी खाली ठेवत तास-दीड तास छातीवरचा चढ चढायचा, मग एक वाडी लागायची. तिथे कुणाच्या तरी ओसरीवर चहा, भाकरी-पिठलं सांगून ठेवायचं आणि पुढे सुळक्याकडे निघायचं.

ती वाडी म्हणजे इरशाळवाडी. पन्नासेक घरं आणि सरकारी नोंदीप्रमाणे 228 माणसं, ठाकर समाजाची. सॅक घेऊन येणाऱ्यांसाठी ती वाटेतला थांबा होती. वाडीतल्या माणसांना मात्र ती वाट रोजची होती. रेशन, दवाखाना, बाजार, मजुरी, सगळं त्याच वाटेने खाली आणि त्याच वाटेने वर.

19 जुलै 2023 च्या रात्री वरचा डोंगर या वाडीवर आला. त्याचा हा घटनाक्रम. तासांचा म्हणायचा, पण त्याची सुरुवात तासांत मोजता येत नाही.

25 जून, रविवार

त्या वर्षी मोसमी पाऊस पंधरवडाभर उशिरा आला. मुंबई आणि दिल्लीत तो एकाच दिवशी दाखल झाल्याचं हवामान खात्याने 25 जूनला जाहीर केलं, आणि असं 1961 नंतर प्रथमच घडलं म्हणून त्याच्या बातम्याही झाल्या. आमच्याकडे नाणे मावळात, पवन मावळात, आंदर मावळात भाताच्या लावण्यांची ओढाताण सुरू झाली. उशिरा आलेला पाऊस शेतकऱ्याला घाईत टाकतो. डोंगरालाही टाकतो, पण ते दिसत नाही. जूनभर थोडं थोडं मुरत जाणारं पाणी अशा वर्षी जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत पोटात घ्यावं लागतं.

17 जुलै, सोमवार: साठेक तास आधी

सोमवती अमावास्या, दिव्यांची अवस. मुंबईत विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन त्याच दिवशी सुरू झालं. घाटमाथ्यावर आणि घाटाखाली पावसाने जोर धरला.

या पावसाचं वरच्या उतारावर काय होत होतं ते समजून घ्यायला डोंगराची घडण पाहावी लागते. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. थर जिथे काळ्या कातळाचा आहे तिथे कडा सरळ उभा राहतो. जिथे झिजला आहे तिथे उतार पडतो. या उतारावर कातळाचीच झीज होऊन तयार झालेली माती, मुरूम आणि त्यात अडकलेले मोठमोठे धोंडे असतात. हा सगळा माल कातळाला जोडलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. घर्षण आणि झाडांची मुळं यांच्या जिवावर तो तिथे थांबतो.

पाणी वरून आत जातं, कातळापाशी पोचतं आणि तिथे अडतं. खाली जायला वाट नाही, बाजूने निघायला वेळ लागतो आणि वरून भर चालूच. मग ते मातीच्या कणांमध्ये दाब धरू लागतं. कण एकमेकांपासून किंचित सुटतात. त्याच पाण्याने माती जड होते आणि त्याच पाण्याने तिची पकड सुटते. वजन वाढणं आणि धर कमी होणं एकाच वेळी चालू असतं, आणि वरच्या गवताकडे पाहून यातलं काहीही कळत नाही. गवत उलट अधिकच हिरवं दिसतं.

18 जुलै, मंगळवार: दीड दिवस आधी

अधिक श्रावण लागला. पाऊस थांबला नाही.

इथे जरा हिमालयात जाऊन येऊ. आपल्याकडची बरीच पोरं उत्तरकाशीला किंवा मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून येतात. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलेली असते: एप्रिल-मे महिन्यात चढाईला निघायचं ते रात्री बारा-एकला, आणि ऊन चढायच्या आत धोक्याच्या उतारावरून बाहेर पडायचं. कारण ओला बर्फ. वसंतातलं ऊन वरचा बर्फ वितळवतं, ते पाणी कणांमधून झिरपत खालच्या टणक थरापर्यंत किंवा जमिनीपर्यंत जातं, कणांमधले सांधे विरघळतात आणि अख्खा उतार आपल्याच वजनाने सुटतो. कुणी पाय ठेवायची गरज नसते. कोरड्या बर्फाचा लोट धुरळा उडवत सुसाट येतो. ओला त्याहून सावकाश येतो, पण येतो तो कालवलेल्या सिमेंटसारखा, आणि थांबला की जागच्या जागी घट्ट होतो. आत सापडलेल्याला हातही हलवता येत नाही.

यंत्रणा तीच आहे. ऊन काढा आणि पाऊस घाला, बर्फ काढा आणि लाल माती घाला. फरक एकच, आणि मला वाटतं सगळी गोष्ट त्या फरकात आहे. बर्फाच्या उताराला रात्र मिळते. आभाळ मोकळं असेल तर पहाटेपर्यंत सगळं पुन्हा गोठतं, सांधे पुन्हा धरतात, आणि गिर्यारोहक त्या थिजलेल्या पृष्ठभागावर क्रॅम्पॉन रोवत चढतो. ज्या रात्री ढगांमुळे गोठणच होत नाही, त्या दिवशी जाणता म्होरक्या तंबूची चेनसुद्धा उघडत नाही. म्हणजे तिथे घड्याळ आहे. कधी जायचं, कधी परतायचं हे सांगणारी एक वेळ आहे.

सह्याद्रीच्या जुलैत अशी रात्र येत नाही. मंगळवारी पडलेलं पाणी सोमवारच्या पाण्यावर चढतं, बुधवारचं मंगळवारच्या. आणि उतारावरून बाहेर पडायची वेळ कुणी सांगितली असती, तरी वाडीतल्या माणसाने बाहेर पडून जायचं कुठे? तो चढाईला आलेला नाही, त्याची चूल तिथे आहे.

19 जुलै, बुधवार, सकाळी 8.30: चौदा तास आधी

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पर्जन्यमापकातलं गेल्या चोवीस तासांचं पाणी मोजलं जातं, नोंद होते, भांडं ओतून रिकामं केलं जातं आणि नवा दिवस शून्यापासून सुरू होतो. आपण पेपरात वाचतो तो आकडा हा.

या आकड्याला नावं आहेत. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, 115.6 च्या वर अतिमुसळधार, 204.4 च्या पुढे अत्यंत मुसळधार. पिवळा, नारिंगी, लाल हे इशाऱ्यांचे रंग साधारण या पायऱ्यांवरून येतात. इरशाळवाडीच्या परिसरात 17 ते 19 जुलै या तीन दिवसांत मिळून 499 मिलिमीटर पाऊस झाला, असं नंतर उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं. तिनाने भागलं तर दिवसाला 166 मिलिमीटर. कोकणातल्या जुलैसाठी हा आकडा मोठा आहे, पण न ऐकलेला नाही. सुटा सुटा पाहिला तर लाल रंगाच्याही खाली राहतो. पुणे शहराच्या वेधशाळेत वर्षभरात सातशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला दोनतृतीयांशाहून अधिक इथे तीन दिवसांत ओतला गेला.

मापक रोज सकाळी शून्यावर येतो, डोंगर येत नाही. सरासरीशी त्याचा काही संबंध नाही, त्याच्याकडे फक्त बेरीज असते. मावळात जुनी माणसं पावसाचे आकडे बोलत नाहीत. "तिसरा दिस हाय, उघडीप न्हाई," असं म्हणतात. हा अंदाज मिलिमीटरमध्ये नाही, पण बेरीज त्यांनी धरलेली असते.

19 जुलै, दिवसभर

रायगड जिल्ह्याला लाल इशारा होता. तो खोटा नव्हता, उशिराही नव्हता. सावित्रीने आणि पाताळगंगेने धोक्याची पातळी ओलांडली. अंबरनाथ-बदलापूरच्या दरम्यान रुळांवर पाणी आलं आणि लोकल बंद पडल्या. दुसऱ्या दिवशीच्या शाळांना सुट्टी देण्याचे निर्णय झाले. नदीकाठच्या वस्त्यांवर लक्ष ठेवलं गेलं.

म्हणजे यंत्रणा जागी होती. पण ती कशाकडे बघत होती ते पाहा. नदीला पातळीची खूण असते, पुलाला पट्टी असते, रुळाला माणूस असतो, शाळेला घंटा असते. जे बंद करता येतं त्याच्यासाठी इशारा असतो. उताराला बंद करता येत नाही, आणि त्याच्या पोटात पाणी कुठवर चढलं हे दाखवणारी पट्टी तिथे कुणी रोवलेली नव्हती. अशी साधनं आहेत: भूगर्भातला पाण्याचा दाब मोजणारी, जमिनीचा कल बदलला की कळवणारी. रेल्वे घाटात दगड पडायच्या जागांवर दिवसरात्र माणसं बसवते, कारण तिथून गाड्या जातात. इरशाळवाडीवरून गाडी जात नव्हती.

आणि एक यादी होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण म्हणून नोंदलेल्या गावांची. इरशाळवाडी त्या यादीत नव्हती. हेही विधानसभेतच सांगितलं गेलं. यादी करणाऱ्यांनी कामचुकारपणा केला असं मला म्हणायचं नाही. सह्याद्रीच्या कुशीत वाड्याच एवढ्या आहेत की त्यातल्या काही सुटणारच. पण एकदा यादी झाली की ज्याचं नाव तिच्यात नाही तो सुरक्षित, असा तिचा उलटा अर्थ कार्यालयात आपोआप लागतो. कागदाला हे म्हणायचं नसतं, पण फोन कुणाला करायचा हे त्याच कागदावरून ठरतं.

19 जुलै, संध्याकाळ: चार-पाच तास आधी

अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले. आभाळ भरलेलं. पावसाळ्यात अशा वाड्या लवकर जेवतात आणि लवकर निजतात. बाहेर कामच नसतं, कौलांवर आणि पत्र्यांवर पावसाचा आवाज असा की शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू येत नाही. वाडीतली बरीच मुलं आश्रमशाळांत शिकायला होती. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ती तिकडे गेली होती. त्यांच्यापैकी कित्येकांच्या बाबतीत पुढे हीच गोष्ट निर्णायक ठरली.

काही तरुण पोरं वाडीच्या बाजूला असलेल्या शाळेच्या इमारतीत जाऊन मोबाइलवर बसली होती. घरात रेंज नाही म्हणून शाळेच्या पडवीत जायचं, ही डोंगरातल्या कुठल्याही वाडीतल्या पोरांची सवय.

दरड सुटण्याआधी डोंगर काही खुणा देतो असं पुस्तकं सांगतात आणि जाणती माणसंही सांगतात. वरच्या अंगाला जमिनीला भेग पडते. नितळ वाहणारा झरा अचानक गढूळ होतो, किंवा जिथे कधी पाणी नव्हतं तिथून फुटतो. झाडं, खांब कलतात. घराचं दार चौकटीत अडकायला लागतं. या खुणा दिवसा, उघडिपीत, वरच्या अंगाला जाऊन पाहिल्या तर दिसतात. तिसऱ्या दिवशीच्या पावसात, अंधारात, झोपेच्या वेळी यातली एकही खूण कुणाच्या उपयोगाची नसते.

19 जुलै, रात्री 10.30 ते 11

डोंगर आला.

नेमकं मिनिट कुणाकडे नाही. साडेदहा आणि अकराच्या मध्ये कधीतरी. वरचा उतार माती, धोंडे, झाडं आणि तीन दिवसांचं पाणी घेऊन वाडीत शिरला. त्याने सगळी वाडी घेतली नाही. एक पट्टा घेतला. त्या पट्ट्यातली घरं काही फूट चिखलाखाली गेली आणि पट्ट्याबाहेरची घरं पत्र्यासकट उभी राहिली. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन कुटुंबांचं नशीब अशा वेळी अक्षरशः काही हातांच्या अंतरावर ठरतं.

शाळेत बसलेल्या पोरांनी आवाज ऐकला. बाहेर पडून पाहिलं, हाका मारल्या, जे निघू शकत होते त्यांना घेऊन बाजूला झाली आणि खाली कळवायची धडपड सुरू केली. वाडीबाहेर पहिली बातमी गेली ती अशी, वाडीतूनच, मोबाइलवरून.

रात्री 11.30

जिल्हा प्रशासनाला कळलं. घटनेनंतर अर्धा ते एक तास, अशा रात्री, अशा जागेवरून. हा वेळ थोडा आहे हे मान्य करायला हवं. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं तेव्हा बाहेरच्या जगाला ते एसटीच्या चालकामुळे कळलं होतं. नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन गेला आणि गाव जागेवर नाही. त्या माळीणमध्ये 151 माणसं गेली. नऊ वर्षांत एवढा फरक पडला होता, की मोबाइल पोचला होता. रस्ता पोचला नव्हता.

मध्यरात्र ते पहाट

आणि इथून पुढचे सगळे तास त्या वाटेचे आहेत.

या वाटेची कल्पना न गेलेल्याला द्यायची तर: पावसाळ्यात ती वाट राहत नाही, तो एक ओहोळ होतो. लाल शाडूसारखी निसरडी माती, मधेच सुटे गोटे. पाऊल टाकलं की पहिल्यांदा बुटाचा पुढचा भाग रुततो आणि मग टाच सरकते. म्हणून चढताना माणूस कडेच्या गवताला, कारवीच्या झुडपांना धरत चालतो. दिवसा, हलकी सॅक घेऊन, पंचविशीतल्या माणसाला इथे तास ते दीड तास लागतो. त्या रात्री अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, महसूलचे कर्मचारी, आसपासच्या गावांतली पोरं, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे गिर्यारोहक हे सगळे बॅटऱ्यांच्या उजेडात, दोर, फावडी, स्ट्रेचर घेऊन ती चढले. नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एकाला चढतानाच हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचा मृत्यू झाला. वाडीपर्यंत पोचण्याआधीच बचावकार्याने एक जीव दिला होता.

इथे ट्रेकिंग संस्थांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. खोपोली, लोणावळा, पनवेल, कर्जत या पट्ट्यात दरीत कोणी पडलं, धबधब्यात कोणी अडकलं, घाटात टँकर उलटला की पोलीस ठाण्यातून पहिला फोन या पोरांनाच जातो. कुणाचं गॅरेज असतं, कुणाचं हॉटेल, कुणी कंपनीत शिफ्टला असतो. वाट त्यांना पाठ असते, दोर त्यांचा स्वतःचा असतो. ज्या वाटांवर आपण हौसेने जातो त्यांची खरी डागडुजी ही माणसं करतात, आणि त्या रात्री इरशाळची वाट अंधारात माहीत असणारे लोक म्हणजे वाडीतले जे वाचले होते ते आणि हे.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं रवाना झाली. मंत्री गिरीश महाजन रात्रीतच पोचले. पाऊस चालू होता, आणि वरचा उरलेला उतार पुन्हा सुटणार नाही याची हमी द्यायला कोणी नव्हतं.

20 जुलै, गुरुवार, सकाळ

उजाडल्यावर काय गेलं ते दिसलं. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे सकाळीच पायथ्याशी पोचले आणि नंतर पायी वाडीपर्यंत चढून गेले. सांताक्रूझला दोन हेलिकॉप्टरं तयार ठेवली होती. ढग आणि पावसामुळे ती उडू शकली नाहीत. जेसीबी वर नेता येत नव्हता. माळीणला मुख्य रस्ता होता, यंत्रं पोचली होती. इथे एकविसाव्या शतकातल्या महामुंबईपासून दोन तासांवर, द्रुतगती महामार्गावरून दिसणाऱ्या डोंगरात, माती उपसायला होती ती फावडी, कुदळी आणि घमेली.

चिखलात घमेलं भरणं हे कोरडी माती भरण्यासारखं नसतं. फावडं आत जातं आणि तिथेच अडकतं. ओढून काढलं तर त्याच्यासोबत खळ्ळकन पाणी येतं आणि केलेला खड्डा पुन्हा भरतो. म्हणून माणसांची रांग लावावी लागते: एक भरतो, दहा जण पुढे देतात, शेवटचा उतारावर टाकतो, आणि रिकामं घमेलं त्याच हातांतून परत येतं. मधेच कुणीतरी हात वर करतो आणि सगळे थांबतात. पत्र्याचा कोपरा दिसतो, किंवा वाशाचं टोक, किंवा गोधडी. मग फावडं बाजूला ठेवून हातांनी.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मृतांचा आकडा 16 वर गेला. मृतदेह खाली नेणं कठीण होतं, म्हणून अंत्यसंस्कार वरच, वाडीजवळच करावे लागले. अंधार पडल्यावर, पाऊस आणि पुन्हा दरड येण्याच्या भीतीने काम थांबवलं.

21 आणि 22 जुलै

शुक्रवारी आकडा 22 झाला. शनिवारी-रविवारी 27. पाऊस अधूनमधून चालूच. खाली चौकच्या बाजूला वाचलेल्यांची तात्पुरती सोय, पुढे कंटेनरची घरं. आश्रमशाळांतली मुलं आली, त्यातल्या काहींना घ्यायला घरचं कोणी उरलं नव्हतं.

23 जुलै, रविवार

चौथ्या दिवशी शोधकार्य थांबवण्याचा निर्णय पालकमंत्री उदय सामंत यांनी जाहीर केला. नातेवाइकांशी बोलून. मातीखाली असलेल्यांची आता सापडण्याची आणि ओळख पटण्याची शक्यता उरली नव्हती, दुर्गंधी पसरत होती, काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका होता. 27 मृत. 57 बेपत्ता, म्हणजे तिथेच. 228 पैकी 144 जिवंत. परिसरात जमावबंदी लागली, गडाकडे जाणारी वाट बंद झाली. वाडीचं पुनर्वसन खाली, सिडकोकडून घरं बांधून करायचं ठरलं.

जुलैच्या तारखा

घटनाक्रम इथे संपतो, पण कामशेतला बसून लिहिताना तो एवढ्यावर सोडता येत नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या दरडींच्या तारखा एकाखाली एक मांडून पाहा. महाड तालुक्यातल्या जुई-दासगावच्या दरडी 25-26 जुलै 2005 च्या. माळीण, 30 जुलै 2014. तळिये, 22 जुलै 2021, ऐंशीहून अधिक माणसं. इरशाळवाडी, 19 जुलै 2023. सगळ्या जुलैच्या 19 ते 30 या बारा दिवसांतल्या. हा योगायोग नाही. जूनपासून साठत आलेलं पाणी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत डोंगराच्या गळ्याशी येतं, आणि मग दोन-तीन दिवसांची संततधार पुरते.

या यादीत आणखी एक नाव घालायचं आहे आणि ते आमच्या दारातलं आहे. कामशेतच्या पुढचं स्टेशन मळवली. मळवलीला उतरून पुलावरून पलीकडे गेलं की भाजे. लेण्या, धबधबा, वर विसापूर, पुढे गायमुख खिंडीतून लोहगड. पुणे जिल्ह्यात पावसाळी ट्रेकची याहून गर्दीची वाट क्वचितच असेल. या भाज्यावर जुलै 1989 मध्ये डोंगर आला होता. चाळिसाच्या आसपास माणसं गेली. त्याच पावसात घाटाखाली अंबा नदीने जांभूळपाडा धुऊन नेलं, त्यामुळे असेल किंवा काळ लोटल्यामुळे असेल, भाज्याची आठवण तालुक्याबाहेर फारशी राहिली नाही. धबधब्याखाली भिजायला येणाऱ्या पोरांना ती असण्याचं कारणही नाही. गावातल्या जुन्या माणसांना आहे. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला नाही की ती ओढ्याच्या पाण्याचा रंग बघतात.

मावळातली काही गावं आता दरडप्रवण यादीत आहेत, पावसाळ्यापूर्वी नोटिसा निघतात, सूचना दिल्या जातात. गर्दीसाठी आदेश निघतात तेही ठीक. लोहगड 2025 च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, म्हणजे गर्दी वाढणारच. कुणी पायरीवर घसरू नये, धबधब्यात उतरू नये, यासाठी पोलीस उभे राहतात. त्यांची नजर वाटेवर असते, वाटेच्या वरच्या उतारावर कुणाची नसते.

रविवारी सकाळी कामशेत स्टेशनात लोणावळ्याकडच्या लोकलची वाट बघत सॅकवाली पोरं उभी असतात. मोबाइलवर त्या दिवसाचा इशारा पाहिलेला असतो: पिवळा, फार तर नारिंगी. शुक्रवारचा आणि शनिवारचा पाऊस त्या रंगात धरलेला नसतो. ते आकडे लोणावळ्याचे असले तर तीन दिवसांची बेरीज तीनशेच्या वर सहज जाते, आणि रविवारी बऱ्याचदा चक्क ऊन पडलेलं असतं.